एकशे बारावी ओळ

तारीखकाकांचे खरे नाव हजेरीच्या यंत्राला तेवढे ठाऊक होते. बाकी ऑफिसात, साइटवर, खडीच्या गाडीवाल्यांपासून थोरल्या साहेबांपर्यंत सगळ्यांचे ते तारीखकाका. एकतीस वर्षे एकाच बांधकाम कंपनीत, आणि एकतीस वर्षे एकच उद्योग: कुठले काम कधी सुरू होणार, कधी संपणार आणि कोण कोणासाठी थांबणार, हे ठरवायचे. आयुष्यात त्यांनी स्वतः एक वीट रचली नाही. पण त्यांच्या तक्त्यात ओळ पडल्याशिवाय साइटवरची वीट जागची हलत नसे, आणि याचा त्यांना, उगाच कशाला लपवा, थोडा माजही होता.

"जे तक्त्यात आहे ते होणार. जे नाही ते नाही," हे त्यांचे ठरलेले वाक्य. गवंडी येऊन गयावया करो, सुतार डोके धरून बसो, काकांचे उत्तर तेच. हे वाक्य ध्यानात असू द्या. पुढे ते त्यांच्याच गळ्याशी येणार आहे.

सुरुवात झाली होती चौकटीच्या कागदावर, रंगीत पेन्सिलींनी. कामागणिक एक आडवी पट्टी, जितके दिवस तितके चौकोन. मग संगणक आला, पेन्सिली गेल्या, पण खोड गेली नाही. घर बदलायचे झाले तेव्हा काकांनी त्रेचाळीस ओळींचा तक्ता केला. त्यात चहा एकोणिसाव्या ओळीत होता. काकूंनी तो तिसऱ्या ओळीत आणला आणि विचारले, "अहो, या सगळ्यात मी कितव्या ओळीत?"

"तू ओळीत नाहीस. तू दोरी आहेस."

हे कौतुक होते की टोमणा, ते काकूंना आजतागायत कळलेले नाही. काकांच्या तोंडून मात्र त्याहून मोठे कौतुक निघणे शक्य नव्हते. दोरी म्हणजे तक्त्यात एका पट्टीच्या शेपटापासून दुसरीच्या डोक्यापर्यंत काढलेली बारीक रेघ. ते काम संपल्याशिवाय हे सुरू होणार नाही, एवढाच तिचा अर्थ. पाया भरल्याशिवाय भिंत नाही, भिंत उभी राहिल्याशिवाय छप्पर नाही. नवी पोरे तिला काहीही म्हणोत, काका दोरीच म्हणत. दोऱ्या काढून घेतल्या तर तक्ता म्हणजे नुसती यादी उरते. आणि यादीतले काम कधीही करता येते, म्हणजे बहुधा कधीच होत नाही.

काकांना एक थोरली बहीण होती. आई गेली तेव्हा ही चौदाची आणि काका सहाचे. हिने शाळा सोडून घर हातात घेतले आणि धाकट्याला पुस्तकांना बांधून घातले. घरात आईही तीच, मास्तरही तीच, पाठीत बसणारा धपाटाही तिचाच. छप्पन्नाव्या वर्षीही ती त्यांना "छोट्या" म्हणे, आणि साइटवर ज्यांच्या आवाजाने माणसे उठून उभी राहत ते काका त्या हाकेसरशी चपला नीट जोडून ठेवून मुकाट आत जात.

भावोजी गेल्यापासून ताई टेकडीच्या पायथ्याशी एकटीच रोपवाटिका चालवायची. लिंबू, पेरू, गुलाब, शोभेची झुडपे, काळ्या पिशव्यांतून ओळीने मांडलेली. मधोमध एक उथळ विहीर. टेकडीवर पडलेला पाऊस मातीत मुरायचा आणि वर्षभर हळूहळू त्या विहिरीत उतरायचा. ऐन उन्हाळ्यातही तळाशी पुरुषभर पाणी असे. ताईचे सगळे जगणे त्या पाण्यावर होते, यात काही अतिशयोक्ती नाही.

आणि कंपनीला मिळालेले नवे काम नेमके त्याच टेकडीवर. मालाचे अवाढव्य गोदाम, आणि त्याच्या भोवती शेकडो ट्रक उभे राहतील असे काँक्रीटचे आवार.

त्याच सुमारास वरून फर्मान सुटले की यापुढे प्रत्येक प्रकल्पाच्या नियोजनात शाश्वतता आली पाहिजे. तीन दिवसांचे प्रशिक्षण झाले. इमारत उभी राहील, पण ती उभी करताना माती, पाणी, झाडे, आसपासची वस्ती यांचे काय होणार, याचा विचार कामाच्या आधी करा, मागून नको, असे तिथे सांगितले गेले. इतर प्रकल्पांच्या नियोजकांनी माना डोलावल्या, परत आले आणि तक्त्याच्या पाठीमागे पंधरा पानांचे एक प्रकरण जोडून मोकळे झाले. वर हिरव्या पानाचे चित्र, आत "पर्यावरणाची योग्य ती काळजी घेतली जाईल". योग्य ती म्हणजे कुठली, ती कोण घेणार, कधी घेणार, याचा पत्ता नाही.

काका मात्र पेटले. निवृत्तीला चार वर्षे उरलेला माणूस असा पेटलेला काकूंनी कधी पाहिला नव्हता. पाठीमागे जोडलेले प्रकरण कोणी उघडत नाही, हे काकांइतके कोणाला माहीत असणार? त्यांनी सरळ तक्त्यातच ओळी घातल्या. एकशे चौथी ओळ: वरची सुपीक माती काढून वेगळी जपून ठेवणे. एकशे आठवी: फोडलेला दगड बाहेर न टाकता भरावाला वापरणे. आणि एकशे बारावी: आवाराखाली अठरा शोषखड्डे. दगड, खडी, वाळू भरलेले खोल खड्डे, म्हणजे आवारावर पडलेले पाणी गटाराने वाहून न जाता टेकडीच्या पोटात जाईल. एकशे बाराव्या ओळीच्या शेपटापासून आवाराच्या काँक्रीटपर्यंत त्यांनी दोरी बांधली. खड्डे झाल्याशिवाय काँक्रीट नाही. ती रेघ ओढली तेव्हा आपण एकतीस वर्षे कशासाठी हे काम शिकलो, ते त्यांना पहिल्यांदा कळले असे वाटले.

त्या रविवारी ते ताईकडे गेले. टेकडीवर गोदाम येतेय हे तिच्या कानावर होते. लेक तिला आपल्याकडे राहायला बोलावत होती आणि ताईचे मन जाऊ की नको असे हेलकावत होते.

"छोट्या, खरं सांग. माझी विहीर राहील का?"

काकांनी कागद मागितला. जुन्या सवयीने पेन्सिलींनी तिला सगळे काढून दाखवले. वर टेकडी, त्यात अठरा गोल, खाली विहीर, बाजूला दोन पट्ट्या आणि त्यांच्यामधली दोरी.

"हे झाल्याशिवाय ते होणार नाही. तक्त्यात आहे, ताई. तक्त्यात आहे म्हणजे होणार."

ताईने तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि अवजारांच्या खोलीत खिळ्याला अडकवला. लेकीला तिने कळवले, मी काही येत नाही, छोट्याने पाण्याचे बघितले आहे.

पाया खणताना कातळ लागला. काम अडले, पट्ट्या सरकल्या, आणि शेवटची तारीख एकोणीस दिवसांनी पुढे गेली. त्या गुरुवारी सकाळी अकराला थोरले साहेब स्वतः आढावा घ्यायला येणार होते. दहा वाजता प्रकल्पप्रमुख मॅडम काकांच्या टेबलाशी आल्या. मॅडम वाईट नव्हत्या. सहा महिन्यांत त्यांनी एक दिवस सुट्टी घेतली नव्हती, आणि एकोणीस दिवसांचे खापर त्यांच्याच डोक्यावर फुटणार होते.

"काका, ती खड्ड्यांची दोरी सोडली तर तारीख किती मागे येते?"

काकांनी ते आधीच पाहून ठेवले होते. तीच तर त्यांची खोड. "सगळे एकोणीस दिवस."

"मग आजच्या मीटिंगपुरती सोडा. साहेबांना तारीख दिसू दे, ते जरा निवळले की उद्या बांधा परत. खड्डे काय, करायचेच आहेत. कोण नाही म्हणतंय?"

साइट इंजिनियर मागेच उभा होता. त्याला सगळे "लगेच" म्हणत, कारण काहीही सांगा, त्याचे उत्तर "लगेच!" आणि मग आठवडाभर दर्शन नाही. तो म्हणाला, "काका, खड्डे मी लगेच घेतो. दोरीचं काय एवढं!"

काकांनी दोरी सोडली. सोडायला काय लागते? रेघेवर बोट ठेवायचे आणि पुसायचे. तक्ता क्षणभर थरथरला, लाल पट्ट्या हिरव्या झाल्या आणि शेवटची तारीख गुमान मूळ जागी येऊन बसली.

थोरल्या साहेबांनी पडद्यावरची तारीख पाहिली, चष्मा काढला, पुन्हा लावला. "कातळ लागूनसुद्धा? कोणी केलं हे?"

मॅडमनी काकांकडे हात केला.

"शाब्बास, तारीखकाका! याला म्हणतात नियोजन. हाच तक्ता पक्का. आत्ताच्या आत्ता गोठवा." आणि त्यांनी तिथल्या तिथे सही केली.

तक्ता गोठवला म्हणजे संपले. त्यानंतर एक रेघ हलवायची तरी अर्ज करावा लागतो आणि त्यावर तीन सह्या लागतात. हे नियम काकांनीच, वीस वर्षांपूर्वी, घासाघीस करून कंपनीत आणले होते. काका उभे राहिले. साहेब, यात एक दोरी राहिली आहे, एवढेच वाक्य म्हणायचे होते. त्यांनी तोंड उघडले. साहेब हसतमुखाने त्यांच्याकडे बघत होते, टेबलाभोवतीचे बारा जण बघत होते, आणि एकतीस वर्षांत काकांच्या वाट्याला आलेले ते पहिले शाब्बास होते.

"थँक्यू, सर," काका म्हणाले आणि खाली बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अर्ज भरला. लगेचने सही केली, मॅडमनीही केली. तिसरी सही मुख्य कचेरीतल्या नियोजन विभागाची. अकरा दिवसांनी अर्ज परत आला. खाली लिहिले होते: "सदर कामास साडेतीनशे दिवसांची सवड आहे. बदलाची आवश्यकता नाही."

काकांनी ते वाचले आणि त्यांना हसू फुटले, पण ते हसू काही बरे नव्हते. संगणकाचे काही चुकले नव्हते. एकशे बाराव्या ओळीवर आता कोणीच थांबलेले नव्हते. ज्या कामासाठी कोणी थांबत नाही, ते काम प्रकल्पाच्या शेवटच्या दिवसापर्यंत कधीही करता येते, असे तक्ता धरून चालतो. दोरी सोडली म्हणून सवड दिसत होती, आणि सवड दिसत होती म्हणून दोरी बांधायला परवानगी नव्हती. त्यांनी दुसरा अर्ज केला, दोन पाने कारणे लिहिली. तो चौथ्या दिवशीच परत आला, त्याच ओळीसह.

एक वाट उरली होती. थोरल्या साहेबांच्या खोलीत जायचे आणि सांगायचे, साहेब, ते एकोणीस दिवस खोटे होते, तुमचे शाब्बास परत घ्या. काका दोनदा त्या दारापर्यंत गेले. पहिल्यांदा आत कोणी बसले होते. दुसऱ्यांदा आत कोणी नव्हते, साहेब एकटेच होते, तरीही काका तिथूनच मागे फिरले. या दुसऱ्या वेळेची लाज त्यांना पुढे कुठेच ठेवता आली नाही.

दर सोमवारी आढाव्याचा कागद काकांच्याच हातून निघायचा. उशीर झालेले लाल, होऊ घातलेले पिवळे, वेळेत असलेले हिरवे. एकशे बारावी ओळ दर सोमवारी हिरवी. खड्डा एकही झालेला नसे, पण उशीरही झालेला नसे, साडेतीनशे दिवस होते ना! शाश्वततेचा सगळा भाग वरपासून खालपर्यंत हिरवागार छापून यायचा. मुख्य कचेरीत तो कोणाच्या तरी नजरेत भरला. पत्र आले की हा तक्ता अनुकरणीय आहे, आणि इतर अकरा प्रकल्पांना तो नमुना म्हणून पाठवण्यात येत आहे. ऑफिसात टाळ्या वाजल्या. काकांनी घरी आल्यावर बूटही न काढता त्या अकरा प्रकल्पांचे तक्ते उघडून पाहिले. अकराही ठिकाणी त्यांच्या ओळी जशाच्या तशा उतरवल्या होत्या. एकाही ठिकाणी दोरी नव्हती.

"अहो, काय झालं? चेहरा का असा?" काकूंनी विचारले.

"काही नाही. माझं कौतुक झालं."

काँक्रीटच्या गाड्या यायच्या होत्या त्या दिवशी काका सकाळी आठलाच टेकडीवर पोचले. आवारावर लोखंडी जाळी अंथरून झाली होती. अठरातले चार खड्डे खणलेले होते, आणि त्या चारांतही मिक्सरच्या गाड्या धुतलेले पाणी सोडून सोडून तळाशी सिमेंटचा थर दगडासारखा बसला होता. काकांनी वाकून खालपर्यंत काठी घालून पाहिली. टक टक असा आवाज आला.

"अरे, थांबव हे," ते लगेचला म्हणाले. "खड्डे आधी. तू मला म्हणाला होतास ना, लगेच घेतो?"

"घेणारच होतो, काका. पण खणणारी माणसं मॅडमनी पायाकडे वळवली. आता आठ गाड्या रस्त्यात आहेत. आत माल कालवलेला आहे, दोन तासांत ओतला नाही तर फेकावा लागेल."

"फेका! मी सांगतोय, थांबव."

लगेचने खिशातून घडी केलेला तक्ता काढला. तो काही उर्मट पोरगा नव्हता. उलट काकांनाच गुरू मानायचा, आणि त्याचा आवाज अगदी अजीजीचा होता. "काका, यात दाखवा. कुठं लिहिलंय की काँक्रीटनं थांबायचं? तुम्हीच शिकवलंत आम्हाला, जे तक्त्यात आहे ते होणार, जे नाही ते नाही. मी आज तुमच्या तोंडी शब्दावर आठ गाड्या परत पाठवल्या, तर उद्या मला कोण उभं करेल?"

काकांनी कागद हातात घेतला. त्यांचीच अक्षरे, त्यांच्याच पट्ट्या, साहेबांची सही. दोन पट्ट्यांच्या मधली जागा कोरी होती. त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून ते उभे राहिले, पण तिथे दाखवण्यासारखे काही नव्हते. पहिली गाडी मागे मागे येत जाळीच्या कडेला लागली. एका मजुराने त्यांना हात दिला आणि म्हणाला, "काका, जरा इकडं या, बूट खराब होतील." काका बाजूला झाले.

नऊ दिवस काँक्रीट पडत होते. काम वेळेत झाले.

मग पाऊस आला, आणि चांगला आला. टेकडीवरचे पाणी आवारावरून घसरून नव्या गटारात उतरले आणि गढूळ लोंढ्याने रोपवाटिकेच्या फाटकासमोरून रस्त्याने निघून गेले. काका भेटायला गेले तेव्हा ताई फाटकात उभी राहून ते बघत होती.

"किती पाणी फुकट जातंय बघ, छोट्या. विहीर या खेपेला म्हणावी तशी वर आली नाही. तुझे ते खड्डे व्हायचेत ना अजून? ते झाले की हे सगळं आत जाईल, नाही?"

"हं," काका म्हणाले.

एवढा एक हुंकार. तो ऐकून ताई आत गेली आणि माती कालवायला बसली. त्या वर्षी तिने दुप्पट पिशव्या भरल्या. चाळीस ओळी. गोदामाच्या आसपास वस्ती वाढणार, लोकांना झाडे लागतील, असा तिचा हिशेब. काका त्या दिवशी तासभर तिला पिशव्या भरू लागले. हात कामात होते तोवर बरे वाटत होते, हे त्याहूनही वाईट.

उन्हाळा मध्यावर आला तेव्हा गोदाम पुरे झाले आणि तक्ता बंद करायचा दिवस उजाडला. बंद करताना प्रत्येक ओळीसमोर शेवटचा शेरा मारायचा असतो: पूर्ण किंवा रद्द. काका एकेक ओळ मिटवत एकशे बाराव्या ओळीपाशी आले आणि थांबले. मॅडम शेजारीच बसल्या होत्या.

"पूर्ण लिहा, काका. चार खणले होतेच की."

"नाही, मॅडम."

"शाश्वततेचं प्रमाणपत्र अडकेल त्यानं."

"अडकू दे."

त्यांनी "रद्द" लिहिले. संगणकाने विचारले, नक्की? त्यांनी नक्की म्हटले. इतक्या वर्षांची सवय, एक ओळ पुसली की पुढच्या सगळ्या पट्ट्या हलतात, तारखा सरकतात, कुठेतरी काहीतरी लाल होते. ते पडद्याकडे टक लावून बसले. काहीतरी लाल होऊ दे, असे त्यांना मनापासून वाटत होते. पण पट्टी हलली नाही, तारीख सरकली नाही. अठरा खड्डे नाहीसे झाले आणि सगळा तक्ता होता तसा हिरवा राहिला.

मॅडमनी डोळे चोळले. "राहू द्या तसंच. नाहीतरी या ओळी कोण बघतंय?" त्यांच्या आवाजात रागही नव्हता. आठवड्याने प्रमाणपत्र आले. ते कशानेच अडकले नव्हते.

पण त्याच्या आधी, तक्ता बंद केला त्याच दिवशी दुपारी, काका टेकडी उतरून ताईकडे गेले. ताई विहिरीच्या कठड्याला टेकून बसली होती. आत बघायचे म्हणून काकांनी वाकून बघितले. तळाला चिखल आणि मधे परातीएवढे पाणी. सकाळपासून साचले होते तेवढेच.

"ताई, खड्डे झाले नाहीत. होणारही नाहीत. त्यावर काँक्रीट पडलंय."

ताईने मान वर केली. "कोणी होऊ दिलं नाही?"

"मी. दोरी मी सोडली. एका दिवसापुरती म्हणून सोडली, आणि मग बांधायचं राहिलं." आणि मग त्यांनी सगळे सांगितले. शाब्बास सांगितले, साहेबांचे दार सांगितले, गाडी मागे येत होती तेव्हा आपण बाजूला झालो तेही सांगितले. बोलताना ते रडत होते. ताई ऐकत होती. ती ओरडली असती, सहा वर्षांच्या पोराला घालायची तसा एक धपाटा घातला असता, तर काकांना हवेच होते.

"कधीची गोष्ट ही?" तिने विचारले.

"दीड वर्ष होईल."

ताईने मनाशी महिने मोजले. "म्हणजे पावसात, फाटकात, मी तुला विचारलं तेव्हा तुला ठाऊक होतं."

"हो," काका म्हणाले.

"आणि माझ्याबरोबर बसून पिशव्या भरल्यास." तिचा आवाज चढलेला नव्हता. तिला ते खरेच कळत नव्हते. "मला तेव्हा सांगितलं असतंस तर मी लावलीच नसती रे, छोट्या. लेकीकडे गेले असते. इतकी रोपं कशाला जन्माला घातली असती?"

ती उठली. अवजारांच्या खोलीत गेली. काकांना वाटले, तो कागद घेऊन येईल, फाडेल, तोंडावर फेकेल. ती दोन बादल्या घेऊन आली. मागे उघड्या दारातून तो कागद खिळ्याला होता तसाच दिसत होता, अठरा गोल आणि दोरी.

"ऊन उतरलं. पाणी घालायची वेळ झाली," ती म्हणाली. "सगळ्यांना घोट घोट घातलं तर एकही जगायचं नाही. ओळी चाळीस आहेत, पाणी बारांना पुरेल. अठ्ठावीस सोडाव्या लागतील. कुठल्या, ते तू सांग."

"ताई, मी नाही."

"तूच सांग. मला नाही जमणार. प्रत्येक पिशवी मी हातानं भरलीय. तुला सवय आहे."

ती चिडून बोलली नव्हती. ते उठले आणि रोपांच्या मधून चालू लागले. पहिली ओळ लिंबांची होती, वीतभर उंचीची, पाने आतल्या बाजूला वळायला लागलेली. दुसरीही लिंबांची. काका बराच वेळ पहिल्या ओळीपाशी उभे राहिले. मग त्यांनी हात वर केला आणि बोट दाखवले.

"ही."

ताई भरलेली बादली तशीच घेऊन त्या ओळीवरून पुढे गेली.

"पुढची?" तिने विचारले.